मोटारी लागल्या की बल्ब मंद होतो: जुन्या रॉक गिटारचा टोन डिजिटलमध्ये कसा शोधायचा

आमच्या ब्रह्मपुरी तालुक्यात शेतीची थ्री फेज लाइन आली की पाच-दहा मिनिटांत बांध्यांवरच्या मोटारी एकामागून एक लागतात. एका डीपीवर एवढा लोड पडला की घरातला पिवळा बल्ब एकदम मंद होतो आणि क्षणभराने थोडा सावरतो. विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या कुणालाही हे नवीन नाही. मला मात्र साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉक गिटारचा आवाज तसा का आहे, हे या बल्बाने समजावलं.

गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र म्हणजे ॲम्प, आणि जुने ॲम्प व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या नळ्यांवर, चालायचे. अशा व्हॉल्व्हच्या ॲम्पच्या पोटातही एक छोटी डीपी असते. भिंतीतून आलेली एसी वीज तिथे डीसी होते आणि त्या डीसीवर आवाज मोठा करणारे व्हॉल्व्ह चालतात. बऱ्याच जुन्या ॲम्पमध्ये एसीचं डीसी करायचं कामही एक व्हॉल्व्हच करायचा, उदाहरणार्थ जीझेड३४ नावाचा. तुम्ही कॉर्ड, म्हणजे एकदम छेडलेल्या तीन-चार सुरांचा गुच्छ, जोरात मारली की पॉवरचे व्हॉल्व्ह एकदम जास्त करंट ओढतात, आतलं व्होल्टेज खाली बसतं आणि आवाजाचा पहिला फटका दबतो. पुढच्या क्षणी व्होल्टेज सावरतं आणि तीच कॉर्ड परत फुलून वर येते. याला सॅग म्हणतात. आपल्या भाषेत, ॲम्प दमला आणि सावरला. बोटांना ते ताणलेल्या रबरासारखं लागतं. आज मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर चालणाऱ्या बऱ्याच ॲम्प मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्या ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, सॅग नावाचं वेगळं बटण असतं, आणि ते फिरवून बघायच्या आधी लोक प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, बदलून मोकळे होतात.

एडी व्हॅन हेलन या अमेरिकन रॉक गिटारवाल्याने तर हा दाब मुद्दाम उतरवला. १९७८च्या पहिल्या अल्बमच्या काळात तो आपल्या मार्शल कंपनीच्या ॲम्पला व्हेरिॲकमधून, म्हणजे विजेचा दाब कमीजास्त करणाऱ्या यंत्रातून, वीज द्यायचा आणि अमेरिकेतला १२० व्होल्टच्या आसपासचा दाब साधारण ९०वर आणायचा. आपल्याकडे ज्या लो व्होल्टेजपायी मोटारी जळतात, ते त्याने बटण लावून हवं तेवढं घेतलं. खऱ्या व्हॉल्व्ह ॲम्पवर हा प्रयोग कृपा करून कुणी करू नका. आत ४००-५०० व्होल्ट डीसी असतं आणि स्विच बंद केल्यावरही ते कपॅसिटरमध्ये टिकून राहतं. मॉडेलमध्ये मात्र तेच बटण बिनधोक फिरवा.

माझ्याकडे शिकायला येणारा शेजारचा बारावीतला पोरगा एक दिवस तोंड पाडून आला. "भाऊ, प्लेक्सी लावलं, गेन पुरा दहावर केला, तरी कानात मच्छर गुणगुणून राह्यले असंच वाटते." प्लेक्सी म्हणजे मार्शलचा एक जुना ॲम्प, आणि गेन म्हणजे आवाज किती फाडायचा ते ठरवणारं बटण. सॉफ्टवेअरच खराब, असं त्याचं मत झालं होतं. त्याच्या सेटिंगमध्ये चुका होत्या, पण मूळ गोष्ट वेगळीच होती. तो ॲम्पचं नाव शोधत होता. मी त्याला म्हटलं, नाव राहू दे, त्या रेकॉर्डिंगमध्ये कोण कोण दमलं होतं ते आधी शोधू. गिटारपासून कानापर्यंतच्या साखळीत कधी पेडल, म्हणजे पायाने चालू करायचा आवाज बदलणारा छोटा डबा, फाटतं, कधी ॲम्पचा पुढचा भाग, कधी पॉवरचे व्हॉल्व्ह, कधी स्पीकरचा कागद. डिजिटल यंत्र स्वतः कधी दमत नाही. त्याला दमायचं कसं, हे गणितात शिकवावं लागतं.

फाटणं म्हणजे काय, तेही इथेच सांगतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकं सुरू झाली की भोंगे लागतात आणि कुणीतरी आवाज जास्त वाढवला की आपण म्हणतो, आवाज फाटला. ॲम्पला जेवढी उंच लाट काढता येते त्याहून उंच लाट मागितली की लाटेचा शेंडा कापला जातो. शेंडा कापला की आवाजात मूळ सुराच्या पटीतले नवे सूर मिसळतात. गिटारची पाचवी तार ११० हर्ट्झला वाजते, फाटल्यावर तिच्यातून २२०, ३३०, ४४० असे वरचे सूर जोराने निघू लागतात. साधारणपणे ट्रान्झिस्टरचा ॲम्प हा शेंडा विळ्याने कापल्यासारखा सपाट करतो. व्हॉल्व्ह तो दाबून गोल करतो, आणि किती गोल, हे तुम्ही किती जोरात वाजवता त्यावर बदलत राहतं. त्या बदलत्या गोलाईवर जुन्या रॉकचा सगळा गोडवा उभा आहे.

मच्छर कुठून येतात

पोराच्या लॅपटॉपवर कॅबिनेटच, म्हणजे स्पीकरच्या डब्याची नक्कलच, लावलेलं नव्हतं. गिटारचा १२ इंची स्पीकर हा गाणी ऐकायच्या स्पीकरसारखा नसतो. तो साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही वाजवतच नाही. फाटलेल्या आवाजातले १० किलोहर्ट्झपर्यंतचे काटे तो स्वतःच गाळून टाकतो. ही गाळणी काढली आणि ॲम्पचा आवाज थेट हेडफोनमध्ये घेतला, की मच्छरच ऐकू येणार. एकच गाणं भोंग्यावर आणि डब्यावर किती वेगळं वाजतं, ते आठवा. माझ्या मते टोनचा अर्ध्याहून जास्त फरक स्पीकर आणि माइकमध्ये असतो, आणि लोक सर्वात कमी वेळ तिथेच देतात.

डिजिटलमध्ये स्पीकर येतो इम्पल्स रिस्पॉन्सच्या रूपात, ज्याला सगळे आयआर म्हणतात. उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या विहिरीच्या काठावर उभं राहून एक टाळी वाजवा. जो आवाज परत येतो तो त्या विहिरीचा ठसा. शेजारच्या विहिरीत तीच टाळी वेगळी ऐकू येते. आता असं समजा की कुठलाही आवाज म्हणजे लहान-मोठ्या टाळ्यांची अखंड रांग आहे, सेकंदाला ४८,००० टाळ्या. प्रत्येक टाळीमागे विहिरीचा तो ठसा, टाळीच्या जोराप्रमाणे लहान-मोठा करून, एकावर एक रचत गेलो, तर घरात बसून काढलेला आवाज विहिरीत काढल्यासारखा ऐकू येईल. या रचण्याला कन्व्होल्यूशन म्हणतात. गिटार कॅबिनेटचा ठसा फार छोटा असतो. २,०४८ नमुन्यांची फाइल ४८ किलोहर्ट्झला जेमतेम ४३ मिलिसेकंद भरते, आणि तेवढी पुरते.

या ठशात माइकही आलेला असतो. श्युअरचा एसएम५७ हा माइक १९६५चा, आणि गिटारच्या स्पीकरसमोर आजही सर्वात जास्त तोच दिसतो. तो स्पीकरच्या मधोमध ठेवला तर आवाज धारदार, तीन-चार बोटं कडेला सरकवला तर मऊ. म्हणून ट्रेबलचं बटण पिळत बसण्याआधी कडेच्या माइकचा आयआर लावून बघा. स्पीकरही त्या काळाचा निवडा. साठ-सत्तरच्या मार्शल कॅबिनेटमध्ये सेलेशनचे ग्रीनबॅक असायचे. व्हिंटेज ३० हा नावाने जुना वाटणारा स्पीकर १९८०च्या दशकातला आहे. त्याचा मधला भाग पुढे येतो आणि जुन्या रेकॉर्डचा पोत त्यात सापडत नाही.

आयआरची एक मर्यादाही लक्षात घ्या. विहीर दमत नाही. हळू टाळीला आणि जोराच्या टाळीला ती एकाच प्रमाणात उत्तर देते. खरा २५ वॅटचा ग्रीनबॅक मात्र पूर्ण उघडलेल्या १०० वॅटच्या ॲम्पखाली स्वतः दबतो आणि थोडा फाटतो. ते एकट्या आयआरमध्ये येत नाही. काही मॉडेलर त्यासाठी स्पीकर ड्राइव्ह किंवा कॉम्प्रेशनचं वेगळं बटण देतात. ते थोडंसं वाढवा, फार नको.

गेन कमी, व्हॉल्यूम जास्त

१९६२ साली लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. गिटारवाल्यांना हवा तसा ॲम्प अमेरिकेतून आणणं महाग पडे, म्हणून दुकानातल्या जाणकारांनी फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बासमन ॲम्पचं सर्किट समोर ठेवून स्वतःचा ॲम्प बांधला. तो जेटीएम४५. भाग मिळतील ते वापरले, व्हॉल्व्ह वेगळे, स्पीकर वेगळे, आणि मुळाबरहुकूम केलेल्या यंत्रातून भलताच आवाज निघाला. पुढच्या १०० वॅटच्या मॉडेलांना पुढची पट्टी प्लेक्सिग्लासची होती, म्हणून प्लेक्सी हे टोपणनाव पडलं. मार्शलच्या नावांतले आकडे गोंधळात टाकतात, सांभाळा: १९५९ आणि १९६२ हे मॉडेल क्रमांक आहेत, साल नव्हे. १९६६ मध्ये जॉन मायॉलच्या बँडबरोबर रेकॉर्डिंग करताना एरिक क्लॅप्टनने जो ॲम्प स्टेजवरच्या जोरातच वाजवायचा हट्ट धरला, तो मार्शलचा १९६२ क्रमांकाचा कॉम्बो.

हट्ट का, तर या ॲम्पांना मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा एकूण आवाज वेगळा ठरवणारं बटण, नव्हतं. आवाज फाटायला हवा तर ॲम्प खराच मोठा करावा लागे. मार्शलने मास्टर व्हॉल्यूमचं २२०३ मॉडेल १९७५ मध्ये आणलं. त्यानंतर पुढच्या भागात हवं तेवढं फाडून शेवटी आवाज लहान करता येऊ लागला, पण तो फाटण्याचा प्रकार वेगळा, जास्त घट्ट आणि करकरीत. त्यामुळे १९७५च्या आधीचा टोन हवा असेल तर प्लेक्सीच्या मॉडेलपुढे डिस्टॉर्शन पेडल लावू नका. त्याचे दोन्ही व्हॉल्यूम सात-आठवर न्या. खऱ्या ॲम्पवर दोन चॅनल छोट्या केबलने जोडून वाजवायची पद्धत होती. एकात धार, दुसऱ्यात भरीवपणा. मॉडेलमध्ये त्याला जम्पर्ड म्हणतात.

आणि एवढं करूनही आवाज तुम्हाला वाटला होता त्यापेक्षा स्वच्छ निघेल. तो तसाच होता. एसी/डीसी नावाच्या रॉक बँडमधल्या अँगस आणि मॅल्कम यंग या भावांचा आवाज नीट ऐका. प्रत्येक कॉर्डमधली तार न् तार सुटी ऐकू येते. जाडी येते ती डाव्या-उजव्या बाजूला दोन गिटार एकत्र वाजतात म्हणून, आणि हाताचा फटका पक्का आहे म्हणून. पोराने गेन दहावरून साडेचारवर आणला तेव्हा त्याला पहिल्यांदा स्वतःच्या चुका ऐकू आल्या, आणि तो थोडा घाबरला. तिथून पुढे महिनाभर आम्ही टोनबद्दल बोललोच नाही, फक्त उजव्या हातावर काम केलं.

सगळ्याच जुन्या आवाजांत ॲम्प दमलेला असतो, असंही नाही. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमरचा हायवॉट डीआर१०३ हा १०० वॅटचा ॲम्प सहजासहजी न फाटण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे फाटतं ते पुढचं बिग मफ पेडल, आणि ॲम्प ते निमूटपणे मोठं करतो. त्या आवाजासाठी मार्शल फाडत बसलात तर वर्षभर शोधत राहाल. उलट क्वीन बँडच्या ब्रायन मेचा व्हॉक्स एसी३० ॲम्प पूर्ण उघडा, त्याच्यापुढे ट्रेबल बूस्टर, आणि हातात पिकच्या जागी सहा पेन्सचं नाणं. त्याची गिटार तर त्याने वडिलांबरोबर घरी बनवली. १९६३ मध्ये सुरुवात केली, नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड लावलं. आपल्याकडे बैलगाडीच्या धुऱ्याचं जुनं सागवान कोणी फेकत नाही, तशी ती नजर. ट्रेबल बूस्टर नावाप्रमाणे नुसता ट्रेबल वाढवत नाही. ॲम्पमध्ये जाणारा खालचा गाळ तो कमी करतो, त्यामुळे ॲम्प कितीही फाटला तरी सूर चिखलात रुतत नाहीत.

रस्सा की मसाल्याची यादी

संगणक हे सगळं दोन तऱ्हांनी करतो. पहिली तऱ्हा म्हणजे सर्किट घेऊन बसायचं. प्रत्येक व्हॉल्व्ह, रेझिस्टर, कपॅसिटर कसा वागतो याची समीकरणं मांडायची आणि ती सेकंदाला निदान ४८,००० वेळा सोडवायची. दुसरी तऱ्हा म्हणजे आत काय आहे ते बघायचंच नाही. ॲम्पमध्ये ठरलेला आवाज सोडायचा, बाहेर आलेला रेकॉर्ड करायचा आणि न्यूरल नेटवर्कला सांगायचं, यातून ते कसं झालं ते शीक. याला कॅप्चर म्हणतात.

सावजी रश्शाचं उदाहरण घ्या. पहिल्या तऱ्हेत तुमच्या हाती मसाल्याची यादी आणि कृती आहे. तिखट कमी करा, खसखस वाढवा, रस्सा खऱ्यासारखाच बदलेल. दुसऱ्या तऱ्हेत तयार रश्शाचा डबा मिळतो. चव हुबेहूब, पण ती त्या दिवशीच्या त्या पातेल्याचीच. त्यात तुम्ही पाणी घालाल, मीठ घालाल, आतला मसाला बदलता येणार नाही. म्हणून कॅप्चरवर ट्रेबलचं बटण फिरवलं तरी ते खऱ्या ॲम्पच्या ट्रेबलसारखं वागेलच असं नाही. ते बहुतेक वेळा वरून लावलेलं साधं इक्वलायझर असतं. वेगळी सेटिंग हवी तर वेगळा कॅप्चर घ्यावा लागतो.

लाइन ६चा राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड १९९८चा. तिथून मॉडेलिंग घरोघर गेलं. २०११च्या सुमारास केम्परने ॲम्पचं प्रोफाइल काढायची कल्पना रुजवली. आज न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजे नॅम, हे मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि लोकांनी काढलेले हजारो कॅप्चर त्यात चालतात. गावात खरा मार्शल बघायलाही न मिळालेल्या माणसासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. मी स्वतः खरी प्लेक्सी कधी वाजवलेली नाही, पण तिचं वागणं मला बोटांनी माहीत आहे. कॅप्चर उतरवताना एक तेवढं वाचा: तो फक्त ॲम्पचा आहे की कॅबिनेटसकट. कॅबिनेटसकट असलेल्यावर पुन्हा आयआर लावला तर आवाज गोधडी पांघरून आल्यासारखा होतो.

डिजिटलची स्वतःची एक खोडही आहे. व्हिडिओत धावत्या गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं, कारण कॅमेऱ्याला मोजता येणार नाही इतक्या वेगाने ते फिरतं. ४८ किलोहर्ट्झला काम करणाऱ्या यंत्राला २४ किलोहर्ट्झच्या वरचे सूर असेच खोटे, खाली दुमडून दिसतात. फाटलेल्या आवाजात वरचे सूर भरपूर, त्यामुळे वरच्या फ्रेटवर तार ओढताना मागे एखादा बेसूर, धातूसारखा आवाज सरकतो. उपाय म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग, आतल्या आत जास्त वेगाने मोजणं. त्याने प्रोसेसर तापतो. मे महिन्यात ४५ अंशांत लॅपटॉप आधीच हाशहुश करत असतो, तेव्हा आवाज तुटायला लागला तर ओव्हरसॅम्पलिंग एक पायरी कमी करा.

उशीर, म्हणजे लेटन्सी, याची भीती मात्र थोडी जास्तच पसरली आहे. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. तीन मीटरवर ठेवलेल्या ॲम्पचा आवाज कानापर्यंत यायलाच ९ मिलिसेकंद लागतात. तुमची सिस्टिम दहाच्या आत असेल तर निवांत वाजवा.

तार, अर्थिंग आणि कूलर

गिटारचा पिकअप, म्हणजे तारेची थरथर विजेत बदलणारा भाग, फार अशक्त असतो. त्याला १ मेगाओमच्या आसपासचं, म्हणजे अगदी हलकं ओझं लागतं. इंटरफेसवर, म्हणजे गिटार लॅपटॉपला जोडणाऱ्या डब्यावर, गिटारचं चिन्ह असलेलं किंवा इन्स्ट्रुमेंट लिहिलेलं बटण त्यासाठी आहे. ते न दाबता लाइनमध्ये गिटार लावली तर वरची धार तिथेच मरते आणि पुढे कुठल्याही मॉडेलला ती जिवंत करता येत नाही. इनपुटचं गेन हेसुद्धा नकळत एक बूस्टर पेडल आहे. ते वाढवलं की पुढचा ॲम्प लवकर फाटतो. सर्वात जोराच्या कॉर्डला लाल दिवा लागणार नाही एवढं ठेवा, आणि मग त्याला हात लावू नका.

यानंतर आपल्या भागाची खास अडचण: गुणगुण. सिंगल कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं एकच वेटोळं असलेला, पिकअप आजूबाजूची ५० हर्ट्झची वीज पकडतो, आणि आपण उन्हाळाभर कूलरशेजारी बसतो. कूलरच्या मोटारीकडे पाठ करून बसा, गिटारचा कोन थोडा फिरवा, फरक लगेच कळेल. कूलरच्या ओलाव्याने तारा गंजतात, म्हणून वाजवून झालं की कोरड्या फडक्याने पुसा. तारांना हात लावला की गुणगुण थांबते आणि हात काढला की सुरू होते, असं असेल तर अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात माती सुकून भेगाळली की अर्थिंगच्या खड्ड्याचा उपयोग कमी होतो. मीठ-कोळसा भरलेल्या त्या खड्ड्यात दर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाकायची जुनी पद्धत टोनसाठीही लागू आहे. लाइन गेल्यावर साध्या इन्व्हर्टरवर चार्जर लावला तर लाटच चौकोनी असल्याने करकर वाढते. तेव्हा चार्जर काढून बॅटरीवर वाजवा.

खळ्यावर

हेडफोनमध्ये रात्री जमवलेला टोन सकाळी मोठ्या स्पीकरवर का बिघडतो, याचं कारण कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे आणि फार वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून रात्री आपण बास आणि ट्रेबल वाढवून ठेवतो, आणि मोठ्याने वाजवलं की तेच अंगावर येतं.

धान निघाल्यावर आमचं खळं रिकामं झालं, तेव्हा गावातल्या साउंडवाल्याचा एक डबा मागून आणला आणि त्या पोराला लॅपटॉपसकट तिथे नेलं. पहिली कॉर्ड वाजली आणि कुडाच्या भिंती घुमल्या. बास सहावरून तीनवर आणला, कॅबिनेटनंतर १०० हर्ट्झखालचं कापलं, ५ किलोहर्ट्झवरचं थोडं उतरवलं. सॅग वाढवला. मग त्याला सांगितलं, गिटारचा व्हॉल्यूम चारवर आण आणि हळू वाजव. आवाज जवळजवळ स्वच्छ झाला, घंटेसारखा. व्हॉल्यूम दहावर नेला, परत मार्शल. हाच एक बटणाचा खेळ जुन्या लोकांचं अर्धं पेडलबोर्ड होता.

शेवटी त्याने एक सूर धरला आणि मी त्याला डब्याकडे तोंड करून दोन पावलं पुढे सरकायला लावलं. डब्यातून निघालेली हवा तारेला परत हलवू लागली. सूर विझायच्या ऐवजी वाढत गेला आणि हळूच वरच्या सप्तकात उलटला. हेडफोनमध्ये हे कधी होत नाही. त्यासाठी हवा लागते. पोरगा पाय न हलवता तसाच उभा राहिला, आणि शेजारच्या वावरातून कुणीतरी ओरडून विचारलं, "काय वाजवून राह्यले बे?"